व्हिन्यु व्हेर्द: हलकी पांढरी वाईन निवडावी, थंड करावी आणि चाखावी कशी

पोर्तुगालच्या वायव्य कोपऱ्यात, पोर्टो शहराच्या आसपासच्या डोंगरउतारांपासून उत्तरेला स्पेनच्या सीमेपर्यंत पसरलेल्या पावसाळी टापूत जी वाईन तयार होते, तिला व्हिन्यु व्हेर्द म्हणतात. या नावाचा शब्दशः अर्थ ‘हिरवी वाईन’ असा असला, तरी पेल्यात ओतल्यावर दिसतो तो फिकट लिंबासारखा, कधीकधी तर जवळजवळ पाण्यासारखा रंग. ‘हिरवी’ हे विशेषण कोठून आले याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. एक असे की हा प्रदेशच बारमाही हिरवा आहे. दुसरे असे की ही वाईन कोवळी असताना, म्हणजे सुगीनंतरच्या वर्षभरात, प्यायची असते. पोर्तुगालमधील अनेक उपाहारगृहांच्या यादीत आजही ‘व्हेर्द’ आणि ‘मादुरु’, म्हणजे हिरव्या आणि पिकलेल्या, असे वाईनचे दोन वेगळे रकाने असतात, हे पाहिले की दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते.

व्हिन्यु व्हेर्द हे द्राक्षाच्या वाणाचे नाव नाही, वाईनच्या रंगाचे नाही आणि एखाद्या कंपनीचेही नाही. ते एका प्रदेशाचे नाव आहे. त्या प्रदेशात लाल, गुलाबी आणि फेसाळ वाईनही होतात व त्यांच्यावरही हेच नाव छापलेले असते; मात्र बाहेरच्या जगात पोहोचते ती बहुतेक पांढरी. नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो येथेच. एकाच नावाच्या दोन बाटल्या विकत आणाव्यात, तर एकीत ९ टक्के मद्यार्क, जिभेवर चुरचुरणारे बुडबुडे आणि किंचित गोडी निघते, तर दुसरीत १३ टक्के मद्यार्क, बुडबुड्यांचा मागमूस नाही आणि चव संपूर्ण कोरडी, म्हणजे गोडीचा अंशही नसलेली. पहिली आवडली म्हणून दुसरी घेणारा फसतो आणि पहिली नावडली म्हणून नावच टाकणारा अधिक फसतो. लेबलावरच्या चार गोष्टी वाचता आल्या, तर बूच काढण्यापूर्वीच पेल्यात काय उतरणार याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. उपविभाग, वाण, मद्यार्काचे प्रमाण आणि सुगीचे वर्ष या त्या चार गोष्टी होत. त्या समजण्यासाठी मात्र आधी जमीन आणि पाऊस समजून घ्यावा लागतो.

वेल झाडावर का चढवली गेली

या प्रदेशाच्या उत्तरेला मिन्यु नदी आहे आणि नदीपलीकडे स्पेनचा गॅलिसिया प्रांत. पश्चिमेला अटलांटिक महासागर आहे, तर पूर्वेला पेनेदा, जेरेज, माराव यांसारख्या डोंगररांगा उभ्या आहेत. मिन्यु, लिमा, काव्हादु, आव्ह या नद्या पूर्वेकडून समुद्राकडे वाहतात आणि त्यांची खोरी समुद्राच्या दिशेने उघडी असल्यामुळे दमट वारा थेट आतपर्यंत शिरतो. वर्षाला सरासरी १,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातील बराचसा हिवाळ्यात आणि वसंत ऋतूत. जमीन मुख्यतः ग्रॅनाईट खडकाची झीज होऊन बनलेली, रेताड आणि आम्लधर्मी आहे.

द्राक्षशेती करणाऱ्याला यापुढचे सांगावे लागणार नाही. दमट हवा म्हणजे केवडा आणि भुरी हे वेलीचे बुरशीजन्य रोग, आणि घड जमिनीलगत असतील तर घडकुज. मिन्यु भागातील शेतकऱ्यांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे वेल उंच नेणे. चेस्टनट, ओक, पॉप्लर अशा झाडांवर वेल चढवून ती फांद्याफांद्यांतून लोंबू देण्याच्या जुन्या पद्धतीला तेथे ‘एन्फोर्कादु’, म्हणजे फाशी दिलेली, असे काहीसे भीषण नाव आहे. दुसरी पद्धत ग्रॅनाईटच्या खांबांवर टाकलेल्या मांडवाची. तिला ‘रामादा’ म्हणतात. दोन्हींत घड वाऱ्यावर राहतात आणि खालची जमीन मोकळी सुटते. हा दुसरा फायदा पहिल्याइतकाच मोलाचा होता. येथील शेते वाटण्या होत होत लहान तुकड्यांची झालेली, कुटुंबे मोठी, आणि अमेरिकेतून मका आल्यानंतर तर शेताचा मधला सुपीक भाग धान्यालाच राखलेला. त्यामुळे वेल बांधावर गेली आणि बांधावर जागा उरली ती फक्त वरच्या दिशेला. मांडवाखाली बटाटे आणि कोबी, बांधावरच्या झाडांवर द्राक्षे, आणि तोडणीच्या दिवसांत उंच, अरुंद शिड्या, असा हा संसार होता.

आता याचा चवीशी संबंध पाहू. उंचावर, पानांच्या गर्दीत, ढगाळ हवेत वाढलेल्या मण्यात साखर कमी भरते आणि आम्ल टिकून राहते. साखर कमी म्हणजे किण्वनानंतर, म्हणजे रस आंबल्यानंतर, मद्यार्क कमी. आम्ल जास्त म्हणजे जिभेच्या कडांना पाणी सुटणार. व्हिन्यु व्हेर्दचा हलकेपणा हा कोणी आखून काढलेला नमुना नव्हता. तो पाऊस, लहान शेते आणि उंच वेली यांचा हिशेब होता. १९७० आणि १९८० च्या दशकांपासून बहुतेक बागा जमिनीपासून बेताच्या उंचीवर तारेवर ओलांडे, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्या, धरून लावल्या जाऊ लागल्या, मणी अधिक पिकू लागले आणि वाईनमध्ये अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, आले; तरी आंबटपणाचा कणा असलेली मूळ चव राहिली, कारण पाऊस आणि ग्रॅनाईट बदललेले नाहीत.

बुडबुड्यांची कथाही अशीच योगायोगाची आहे. पूर्वी ही वाईन किण्वन संपल्यावर फार थांबू न देता बाटलीत भरली जाई. तिच्यात शिल्लक असलेले तीव्र मॅलिक आम्ल बाटलीतच जिवाणूंमुळे सौम्य लॅक्टिक आम्लात बदले आणि त्या क्रियेत निघणारा कार्बन डायऑक्साईड बुचाखाली अडकून राही. वाईन थोडी गढूळ होई, पण जिभेवर गंमतशीर चुरचुर होई आणि लोकांना तीच आवडू लागली. आज स्वस्त बाटल्यांमध्ये ही चुरचुर बाटली भरताना वायू मिसळून आणली जाते, आणि ती १ बार दाबाच्या आत ठेवली जाते; त्यापुढे गेली तर युरोपीय नियमांनुसार वाईनचा वर्गच बदलून ती अर्धफेसाळ ठरते. यात लबाडी काही नाही. मात्र बुडबुडे हे या वाईनच्या अस्सलपणाचे लक्षण आहे असे जे सांगितले जाते, ते मला मान्य नाही. या प्रदेशातील सर्वांत विचारपूर्वक केलेल्या बाटल्यांत बहुधा एकही बुडबुडा नसतो.

या प्रदेशाची सीमा कायद्याने प्रथम आखली गेली ती १९०८ मध्ये. पोर्टो येथे कार्यालय असलेला द्राक्षशेती आयोग १९२६ पासून तेथील उत्पादनावर देखरेख करतो. प्रत्येक प्रमाणित बाटलीवर या आयोगाची क्रमांक असलेली हमीची पट्टी असते आणि खरेदी करताना सर्वांत आधी पाहण्याची गोष्ट तीच.

नऊ उपविभाग, पण लक्षात ठेवावेत असे तीन

प्रदेशाचे नऊ उपविभाग आहेत: मोंसांव इ मेलगासु, लिमा, काव्हादु, आव्ह, बास्तु, सोझा, आमारांत, पाइव्हा आणि बायांव. सुरुवातीला सगळे पाठ करण्याची गरज नाही. बहुतेक स्वस्त बाटल्यांवर उपविभागाचे नाव नसतेच, कारण त्या अनेक खोऱ्यांतील द्राक्षे एकत्र करून बनवलेल्या असतात. नाव छापलेले असेल, तर उत्पादकाला त्या जागेविषयी काही सांगायचे आहे असे समजावे.

मोंसांव इ मेलगासु हा उपविभाग अगदी उत्तरेला, मिन्यु नदीच्या काठी आहे. समुद्र फार दूर नाही, पण मधल्या टेकड्यांनी समुद्री वारे अडवल्यामुळे येथील उन्हाळा इतर खोऱ्यांपेक्षा उष्ण आणि कोरडा असतो. येथे राज्य आहे ते आल्व्हारिन्यु या वाणाचे. हाच वाण नदीपलीकडे, स्पेनच्या रियास बाइशास भागात, अल्बारिन्यो या नावाने लावला जातो. लहान घड, जाड सालीचे मणी आणि कमी उतारा अशी त्याची ठेवण असते. त्यात साखर भरपूर चढते, पण आम्ल सोडून जात नाही, आणि हा योग द्राक्षांत दुर्मीळ आहे. त्यामुळे येथील वाईनचा मद्यार्क साडेअकरा टक्क्यांपासून १४ टक्क्यांपर्यंत असू शकतो. पीच, ग्रेपफ्रूट आणि संत्र्याच्या सालीचा गंध येतो आणि शेवटी किंचित खारट वाटेल अशी चव रेंगाळते. ‘व्हिन्यु व्हेर्द म्हणजे लगेच प्यायची’ हा नियम येथे मोडतो. चांगला आल्व्हारिन्यु पाच-सात वर्षे आनंदाने थांबतो, आणि थांबल्यावर त्यात मधासारखी व भाजलेल्या सुक्या मेव्यासारखी छटा येते. मोंसांवजवळच्या ब्रेझोइरा राजवाड्याच्या बागेतील आल्व्हारिन्युची बाटली १९७० च्या दशकात बाजारात आली. एकाच वाणाची, थोडी महाग वाईन या भागातूनही विकली जाऊ शकते हे अशाच मोजक्या बाटल्यांनी दाखवून दिले.

लिमा हे लोरेइरु या वाणाचे खोरे. या वाणाचे नाव लॉरेल या सुगंधी पानांच्या वृक्षावरून आले आहे, आणि वाईनमध्ये खरोखरच लॉरेलच्या पानांचा, त्याहून अधिक संत्र्याच्या मोहोराचा वास येतो. मद्यार्क बहुधा ११ ते १२ टक्के, चव लिंबाळ आणि बांधा सडपातळ. हलक्या पांढऱ्या वाईनची ओळख करून घेणाऱ्याने एकच बाटली घ्यायची ठरवली, तर मी केवळ लोरेइरुची लिमाकाठची बाटली सुचवीन; आल्व्हारिन्युचा दबदबा मोठा असला, तरी या प्रदेशाचा स्वभाव मला लोरेइरुत अधिक स्वच्छ दिसतो. लिमा नदीविषयी एक जुनी आख्यायिका आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात तेथे पोहोचलेल्या रोमन सैनिकांनी ही पुराणातील विस्मृतीची नदी असल्याचे मानून पाण्यात उतरायला नकार दिला, तेव्हा त्यांचा सेनापती देसिमुस युनियुस ब्रूतुस स्वतः पलीकडे गेला आणि आपली स्मृती शाबूत आहे हे दाखवण्यासाठी त्याने तेथून एकेका सैनिकाला नावाने हाक मारली, असे सांगतात. दोन-तीन पेले लोरेइरु घेतल्यावर नावे आठवतात का, हे ज्याने त्याने पाहावे.

तिसरा लक्षात ठेवावा असा भाग बायांव. तो दक्षिणेला, दोउरु नदीच्या बाजूला, समुद्रापासून आत आहे. हिवाळा थंड, उन्हाळा कडक, आणि वाण आव्हेसु. त्यात आंबटपणा थोडा नरम असतो आणि अंग अधिक भरलेले. ज्यांना तीव्र आम्ल सोसत नाही त्यांनी येथून सुरुवात करावी. आमारांत आणि बास्तु या आतल्या भागांत आझाल नावाचा उशिरा पिकणारा वाण आहे. त्याची चव हिरव्या सफरचंदाचा चावा घेतल्यासारखी करकरीत असते. अरिंतु, ज्याला येथे पेदेर्नां म्हणतात, तो आणि त्राजादुरा हे दोन वाण बहुधा मिश्रणात भेटतात: पहिला धार देतो, दुसरा गोलाई.

लेबल वाचण्याचा क्रम

दुकानात बाटली हातात घेतल्यावर आधी हमीची पट्टी पाहावी आणि लगेच मद्यार्काचा आकडा शोधावा. हा आकडा सगळ्यांत जास्त बोलका आहे. साडेआठ ते साडेदहा टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर वाईन बहुधा मिश्र वाणांची, थोड्या बुडबुड्यांची आणि काही अंशी गोडसर असेल. किण्वन वेळेआधी थांबवून किंवा द्राक्षाचा गोड रस मिसळून ही गोडी राखली जाते आणि ती आंबटपणाची धार बोथट करते. ११ ते १२ टक्के म्हणजे कोरडी, ताजी, एखाद्या वाणाची ओळख सांगणारी वाईन असण्याची शक्यता अधिक. साडेबारा आणि त्यापुढे गेलो की बहुतेक वेळा आल्व्हारिन्यु किंवा आव्हेसु हाती लागतो.

त्यानंतर वाण आणि उपविभाग पाहावेत. आल्व्हारिन्युच्या बाबतीत दोन्ही एकत्र पाहणे महत्त्वाचे आहे. व्हिन्यु व्हेर्दच्या लेबलावर हे वाणनाम ठळकपणे छापण्याचा हक्क अनेक वर्षे केवळ मोंसांव इ मेलगासु या उपविभागाला होता. आता तो इतर भागांनाही मिळालेला आहे. इतर भागांतील आल्व्हारिन्यु वाईट असतो असे नव्हे, पण वर वर्णन केलेली चव हवी असेल तर उपविभागाचे नाव सापडेपर्यंत बाटली फिरवत राहावी.

मग वर्ष. साध्या, हलक्या बाटलीवर वर्ष छापलेलेच नसेल, तर ती केव्हा भरली हे कळायला मार्ग उरत नाही, आणि ही वाईन कोवळेपणावरच जगते. जेथे खप जास्त आहे अशा दुकानातूनच अशी बाटली घ्यावी; उन्हात मांडून ठेवलेली, धुळीने माखलेली बाटली कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. वर्ष छापलेले असेल, तर साध्या वाईनसाठी गेल्या दोन सुगींपलीकडे जाऊ नये. मी स्वतः एकदा अशी एक बाटली हौसेने तीन वर्षे जपून ठेवली होती. उघडली तेव्हा तिचा रंग पेंढ्यासारखा झालेला होता, बुडबुडे गेलेले होते आणि वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा येत होता.

लेबलावर आणखी काही पोर्तुगीज शब्द भेटतात. ‘ब्रांकु’ म्हणजे पांढरी, ‘तिंतु’ लाल, ‘रोझादु’ गुलाबी आणि ‘इश्पुमांत’ फेसाळ. ‘सेकु’ म्हणजे कोरडी, ‘मेयु सेकु’ म्हणजे अर्धकोरडी. ‘काश्ता’ म्हणजे वाण, ‘कोल्येइता’ म्हणजे सुगी आणि तिच्यापुढे वर्ष. ‘इश्कोल्या’ किंवा ‘कोल्येइता सेलेसिओनादा’ असे शब्द निवडक मालासाठी वापरतात. ‘किंता’ म्हणजे बागायतदाराचा वाडा-मळा आणि ‘आदेगा कोऑपरातिव्हा’ म्हणजे सहकारी वाईनरी. तुकड्यातुकड्यांच्या शेतीच्या या प्रदेशात सहकारी संस्थांचे काम मोठे आहे, म्हणून हा शब्द पाहून नाक मुरडू नये.

पोर्तुगालमधील दुकानांत साधी बाटली तीन ते पाच युरोंपर्यंत मिळते आणि मोंसांव इ मेलगासुचा चांगला आल्व्हारिन्यु साधारण दहा युरोंच्या पुढेमागे. देशाबाहेर हे आकडे अर्थातच वाढतात. माझ्या मते खरा फायद्याचा व्यवहार मधल्या पायरीवर असतो. एकाच वाणाचा लोरेइरु किंवा आव्हेसु घेतला, तर पैसे थोडेच जास्त लागतात, पण चवीतले अंतर मोठे पडते.

थंड करणे आणि ओतणे

सर्वाधिक चुका येथे होतात, आणि बहुतेक एकाच दिशेने: वाईन गरजेपेक्षा जास्त थंड केली जाते. साध्या हलक्या बाटलीला ८ ते १० अंश सेल्सियस तापमान पुरते, आणि आल्व्हारिन्यु किंवा आव्हेसुला १० ते १२ अंश. घरचा फ्रिज बहुधा ४-५ अंशांवर चालतो. तेथून थेट ओतलेल्या वाईनमध्ये आंबटपणा आणि गारवा एवढेच कळते, गंध गोठून राहतो. म्हणून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवलेली साधी बाटली पिण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे बाहेर काढून ठेवावी, आल्व्हारिन्यु असेल तर वीस-पंचवीस मिनिटे. उलट, बाटली खोलीच्या तापमानाला असेल आणि पाहुणे दारात आले असतील, तर बादलीत निम्मा बर्फ आणि निम्मे पाणी घेऊन त्यात ती गळ्यापर्यंत बुडवावी. नुसत्या बर्फात हवेच्या पोकळ्या राहतात, पाणी मात्र काचेला सगळीकडून भिडते. पंधरा ते वीस मिनिटांत काम होते. मूठभर मीठ टाकले तर आणखी लवकर. फ्रीझरमध्ये बाटली विसरण्याची जोखीम घेऊ नये. त्यातही बुडबुडे असलेली बाटली असेल तर मुळीच नाही.

थंडीचा बुडबुड्यांशीही संबंध आहे. द्रव जितका गार, तितका त्यात वायू जास्त विरघळून राहतो. कोमट झालेली बाटली उघडली की चुरचुर पहिल्याच पेल्यात उडून जाते आणि उरलेली वाईन मलूल लागते. म्हणून बाटली टेबलावर न ठेवता गार पाण्याच्या बादलीतच ठेवावी आणि एका वेळी पेल्याचा फार तर तिसरा हिस्सा भरावा. पेला मध्यम आकाराचा, वर थोडा निमुळता होणारा, साधा पांढऱ्या वाईनचा असावा. उभट अरुंद पेल्याची गरज नाही. त्यात नाक शिरत नाही आणि लोरेइरुचा मोहोर वाया जातो. पेला नेहमी देठाने धरावा, कारण इतकी हलकी वाईन हाताच्या उबेने लवकर तापते. पेल्यात बर्फाचा खडा टाकू नये. ९ टक्क्यांच्या वाईनमध्ये पातळ होण्यासारखे फार काही नसते.

तीन बाटल्यांचा अभ्यास

ओळख पक्की करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे चार-सहा जणांनी मिळून एका संध्याकाळी तीन बाटल्या शेजारीशेजारी चाखणे. पहिली साधी, मिश्र वाणांची, ९-१० टक्क्यांची. दुसरी लिमाची लोरेइरु. तिसरी मोंसांव इ मेलगासुची आल्व्हारिन्यु. क्रम हाच ठेवावा, कारण भरलेल्या अंगाची वाईन आधी घेतली तर हलकी वाईन तिच्यामागून पाण्यासारखी वाटते.

आधी रंग पाहावा, पण त्यात फार वेळ घालवू नये. पहिल्या पेल्यात काचेला चिकटलेले बारीक बुडबुडे दिसतील, तिसरा रंगाने किंचित गडद असेल, इतकेच. मग पेला न हलवता वास घ्यावा आणि नंतर एकदा फिरवून पुन्हा घ्यावा. पहिल्या पेल्यात फरक जवळजवळ पडणार नाही. तिसऱ्यात मात्र फिरवल्यावर गंध उघडत जाईल. घोट घेतल्यावर तो तोंडात दोन-तीन क्षण फिरवून गिळावा आणि मनात आकडे मोजावेत. किती आकड्यांपर्यंत चव राहते, हे हलक्या आणि भरीव वाईनमधील अंतर मोजण्याचे सर्वांत प्रामाणिक माप आहे. जिभेच्या कडांना पाणी सुटते का आणि किती, यावरून आम्ल कळते. घशात ऊब जाणवते का, यावरून मद्यार्क. गोडी ओळखणे अवघड जाते, कारण आंबटपणा तिला झाकतो. त्यासाठी पहिला पेला मुद्दाम थोडा कोमट होऊ द्यावा आणि पुन्हा चाखावा. लपलेली साखर लगेच समोर येते.

हलकी वाईन म्हणून हात सैल सोडण्याचा मोह होतो, म्हणून एक हिशेब. १५० मिलिलिटरच्या एका पेल्यात ९ टक्क्यांच्या वाईनमधून सुमारे ११ ग्रॅम मद्यार्क पोटात जातो, १३ टक्क्यांच्या वाईनमधून १५ ग्रॅमच्या थोडा वर. म्हणजे हलक्या वाईनचे तीन पेले हे जड वाईनच्या दोन पेल्यांहून थोडे जास्तच भरतात. पोर्तुगालमध्ये वाहन चालवणाऱ्याच्या रक्तातील मद्यार्काची सर्वसाधारण मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे, आणि नव्याने परवाना मिळालेल्यांसाठी त्याहून कमी.

सोबत काय खावे

मिन्यु भागातील स्वयंपाक आणि ही वाईन एकमेकांना बघूनच मोठी झालेली आहेत. कोळशावर भाजलेले सार्डिन मासे, लसूण आणि कोथिंबीर घालून शिजवलेले शिंपले, सुकवलेल्या कॉड माशाचे तळलेले गोळे यांच्या तेलकटपणाला किंवा खारटपणाला काटून जाणारे काहीतरी हवे असते, आणि व्हिन्यु व्हेर्दचे आम्ल तेच काम करते. माशावर लिंबू पिळल्यासारखे. साध्या, बुडबुड्यांच्या बाटलीबरोबर तळलेले पदार्थ उत्तम लागतात. लोरेइरुबरोबर हलके मासे, कोशिंबिरी आणि शेळीच्या दुधाचे ताजे चीज जुळते. आल्व्हारिन्यु अधिक भार पेलतो: भाजलेला ऑक्टोपस, खेकडा, लोण्यातले मासे, इतकेच काय भाजलेली कोंबडीही. गोड पदार्थांसमोर मात्र ही वाईन घेऊ नये. पक्वान्नाची गोडी तिला नुसतीच आंबट करून टाकते.

लाल व्हिन्यु व्हेर्द कधी समोर आली, तर तिला पांढरीच्या नियमांत बसवू नये. एके काळी या प्रदेशात लालच जास्त होत असे. व्हिन्यांव या वाणाची ही वाईन शाईसारखी गडद, तुरट आणि तितकीच आंबट असते, थंडच दिली जाते आणि गावाकडे पांढऱ्या चिनी मातीच्या वाडग्यातून पितात. वाडग्याच्या कडांवर तिचा जांभळा रंग चढतो. हिवाळ्याच्या अखेरीस मिन्यु नदीत येणाऱ्या लाम्प्रे माशाच्या कालवणाबरोबर तिची जोडी ठरलेली आहे. पहिल्या घोटाला ती फार थोड्यांना आवडते.

उघडलेली आणि न उघडलेली बाटली

न उघडलेली साधी बाटली अंधाऱ्या, थंड जागी ठेवावी आणि वर्षाच्या आत संपवावी. आल्व्हारिन्यु बुचाची असेल तर आडवी ठेवावी, आणि एकाच सुगीच्या दोन-तीन बाटल्या घेतल्या असतील तर एक लगेच, एक दोन वर्षांनी आणि एक पाच वर्षांनी उघडून पाहावी. उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवली, तर बुडबुडे दुसऱ्या दिवशीपर्यंत बरेच गेलेले असतात, मात्र चव दोन दिवस टिकते; आल्व्हारिन्यु तिसऱ्या दिवशीही चांगला राहतो, क्वचित पहिल्या दिवसापेक्षा मोकळाही वाटतो. त्यानंतर उरलेली वाईन शिंपले शिजवताना भांड्यात ओतावी. त्यासाठी वेगळी स्वस्त बाटली आणण्याचे कारण नाही.